डावा खांदा, सव्वा इंच

"आम्हाला तुमचीच काळजी आहे."

पडद्यापलीकडून हे वाक्य आलं आणि कापडावर टेकलेला खडू माझ्या बोटांत मोडला. तसं त्या वाक्यात काही नव्हतं. विजारीचं माप घ्यायला मोठे मास्तर खाली बसत असणार, त्यांचे गुडघे नेहमीसारखे कडकडले असणार आणि गिऱ्हाईक म्हणालं असणार, अहो, वाकू नका, आम्हाला तुमचीच काळजी आहे. कुणीही म्हणेल. पण 'तुमचीच' वर दिलेला तो जोर, त्यानंतर घशातल्या घशात केलेलं छोटंसं 'हं', जणू एखादी पेटी हळूच मिटली, ते मी एकदाच ऐकलं होतं. बावीस वर्षांपूर्वी. माणसाचा चेहरा बदलतो, केस जातात, पोट येतं, पण उपकार करतानाचा आवाज बदलत नाही. मी मोडलेला खडू उचलला नाही. माझ्या डाव्या पायाच्या लोखंडी पट्ट्या टेबलाच्या पायाला टेकल्या होत्या, त्या गार लागायला लागल्या. पोटरी नसलेल्या त्या पायाला एरवी गार-गरम फारसं कळत नाही.

पडद्यापलीकडे आमच्या दुकानाची पुढची खोली आहे. तीन पाखांचा आरसा, कोच, छताला पिवळे दिवे, आणि गळ्यात टेप घातलेले मोठे मास्तर. पडद्याच्या अलीकडे मी, बेतायचं लांब टेबल, इस्त्री, कापडांच्या चिंध्या. मोठे मास्तर माप घेत मोठ्यानं सांगतात, मी पडद्याआडून ते चिठ्ठीवर लिहितो. वीस वर्षं हेच चाललंय. कोट माझ्या कात्रीतून निघतात, टाके माझे, पण मला पाहिलेली गिऱ्हाइकं हाताच्या बोटांवर मोजावीत. सुरुवातीलाच शेठ म्हणाले होते, "राग मानू नकोस. गिऱ्हाईक इथं आरशात स्वतःला बघायला येतं. त्याच्या मागं दुसरं काही दिसू नये." दुकानात मला 'मागचा' म्हणतात. मागच्याला विचार, मागच्याकडे दे. मीही फोनवर तसंच सांगतो, हो, मागचा बोलतोय.

आता मोठे मास्तर महिनाअखेर काम सोडणार होते. नजर गेली होती त्यांची, टेपवरचे आकडे अंदाजानं सांगायचे, आणि मी ते अंदाजानं दुरुस्त करून लिहायचो. त्यांच्या जागी पुढच्या खोलीत कोण उभं राहणार, हे शेठ सांगत नव्हते. शेठचा भाचा होता, त्याला इंच आणि बोट यांतला फरक कळत नव्हता, पण दोन्ही पाय सारखे होते. मला ती जागा हवी होती. देवाशपथ सांगतो, पगारासाठी नाही. त्या आरशासमोर, त्या पिवळ्या दिव्यांखाली, गळ्यात टेप घालून एकदा उभं राहायचं होतं, आणि येणाऱ्यानं काही म्हणण्याआधी मी त्याला 'या' म्हणायचं होतं.

"खांदा," मोठे मास्तर पलीकडून सांगत होते, "साडेसतरा. झोप डावी, सव्वा. वळण हलकं, उजवीकडे."

ही आमची बोली. समोर कुणाचं व्यंग उच्चारायचं नाही, हा दुकानाचा पहिला नियम. म्हणून मोठ्या मास्तरांनी कधीतरी शब्द ठरवले. पडलेला खांदा म्हणजे झोप. पाठीतला बाक म्हणजे वळण. एक पाय आखूड असेल तर विसावा. गिऱ्हाइकाला वाटतं, कापडाबद्दल काही बोलणं चाललंय. वीस वर्षांच्या चिठ्ठ्या माझ्या खणात आहेत. न्यायाधीश, डॉक्टर, दोन नट, एक मोठा गवई, सगळे. त्यांत सरळ माणूस मला अजून सापडायचाय. कुणाची झोप अर्धा इंच, कुणाचं वळण असं की बाळंतपणातच दाईनं पिळून ठेवल्यासारखं. त्या सगळ्यांना आम्ही कापूस घालून, कॅनव्हास ताणून, इस्त्रीनं वाफ देऊन सरळ केलं आणि सभांना पाठवलं. ज्याचं कापसानं झाकलं जातं त्याला साहेब म्हणतात. ज्याचं झाकलं जात नाही त्याला काय म्हणतात, ते मला रस्त्यावर चार वर्षांचं पोरही सांगतं.

झोप डावी, सव्वा. मी लिहिलं. म्हणजे त्या दिवशीही ती होती. त्या दिवशी तो टेबलामागं बसला होता, म्हणून मला दिसली नाही. टेबलाचा गुणच तो, मागं बसलेल्याचं झाकायचं आणि समोर उभ्या असलेल्याचं उघडं पाडायचं.

मी एकोणीस वर्षांचा होतो, काखेत चित्रांचं बाड होतं आणि शाळेत चित्रकलेच्या शिक्षकाची एक जागा होती. लेखी परीक्षेत मी पहिला. मुलाखतीला तिघं बसले होते, मधला तो. त्यानं चित्रं पाहिली, एक हात बराच वेळ हातात धरून ठेवला, म्हणजे मी काढलेला एका सुताराचा हात, आणि म्हणाला, "सुंदर." मग पेनाचं टोपण लावलं. "जरा दारापर्यंत चालून दाखवा बरं." मी चाललो. चौदा पावलं. लोखंडाचा आवाज फरशीवर असा वाजला की जणू कुणी माझ्या मागून पेटी ओढत आणतंय. "आता परत या." आलो. "पुन्हा एकदा." दुसऱ्यांदा का, हे मला बावीस वर्षांत कळलेलं नाही. एकदा चालण्यात कळायचं ते कळलं होतं. दुसरी खेप कशासाठी, पक्कं करायला, की मजा म्हणून, की त्यालाही काही सुचत नव्हतं म्हणून, मी सगळी कारणं लावून पाहिली आहेत, एकही बसत नाही. मग तो म्हणाला, "मुलं फार दुष्ट असतात हो. नक्कल करतील. तुम्हाला सहन होणार नाही. आम्हाला तुमचीच काळजी आहे. हं." आणि मी, माझ्या तोंडातून, माझ्या या तोंडातून मी म्हणालो, "उपकार झाले, सर."

ते शब्द. बाकीचं एखादे वेळी सोडूनही दिलं असतं. बाहेर बाबा सायकल धरून उभे होते. त्यांनी विचारलं नाही, चेहऱ्यावरून समजले. अर्धी वाट सायकल ढकलत गेल्यावर म्हणाले, "कालच पाय मुरगळलाय म्हणून सांगायचं होतंस." वाईट माणूस नव्हता माझा बाप. मला पाठीवर घेऊन जिने चढला तो. पण त्या दिवशी त्यालाही मी तात्पुरता लंगडा असतो तर बरं वाटलं असतं.

गिऱ्हाईक गेल्यावर शेठ पडदा सारून आत आले. खुशीत होते. "कुणाचं माप लिहिलंस माहितीय का? अपंगांच्या संस्थेचे अध्यक्ष. सत्कार आहे त्यांचा, मोठ्या सभागृहात. आयुष्य घातलं रे त्या माणसानं तुमच्यासारख्यांसाठी. भाषण आहे, समाजाची नजर बदलली पाहिजे, असा काहीतरी विषय."

"हं," मी म्हणालो.

"मी त्यांना तुझं सांगितलं. कोट शिवणाराच तसा आहे म्हटल्यावर काय खूश झाले. म्हणाले, त्यालाच आणा स्टेजवर. तू फक्त विंगेतून त्यांच्यापर्यंत चालत जायचं, गुच्छ द्यायचा. बोलायचं काही नाही."

"चालत."

"मग काय उडत? सावकाश चाल, लोकांना दिसलं पाहिजे." शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या खोलीचं तू विचारत होतास ना. हा कोट नीट बसू दे, तेवढं चालून दाखव, मग बघू."

मी हो म्हणालो. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण आत काहीतरी शांतपणे उठून बसलं आणि तेच हो म्हणालं. सूड असा येतो हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तो तापासारखा चढत असेल. तो तर पाहुण्यासारखा आला, चप्पल काढून, जागा बघून बसला. मी त्याला कापड दाखवलं. राखाडी, बारीक विणीचं, चूक न लपवणारं कापड. दोन्ही खांदे सारखे बेतायचे. आत दोन्हीकडे कापसाच्या सारख्याच गाद्या. बस, एवढंच. पहिले काही क्षण काही दिसणार नाही. मग तो भाषणाला उभा राहील, वरून दिवे पडतील, डावीकडे गळ्यापासून काखेपर्यंत एक तिरकी चुणी उतरेल, कॉलर मानेपासून सुटेल, आणि समाजाची नजर बदलायला आलेली हजार माणसं त्याच्या खांद्याकडे बघत बसतील. भाषण कुणाला ऐकू जाणार नाही. फोटो निघतील. फोटोत मागाहून कापूस घालता येत नाही. घरी जाताना मी वाटेवरच्या काचांत स्वतःला बघत गेलो, एरवी टाळतो. प्रत्येक काचेत माझ्याबरोबर तोही चालत होता, डावा खांदा पाडून.

सकाळी आई भाजी निवडत बसली होती. तिला आता दिसतं कमी, बोटांनी निवडते, आणि बोटं चालतात तसं तोंडही चालतं, रात्री ऐकलेल्या निरूपणातलं एखादं पद. गाऊन सांगणारा कुणी बुवा गावात आला की आई पुढच्या रांगेत. मीही तिच्या मांडीवर तेच ऐकत वाढलो, मला अजूनही कात्रीला ताल लागतो तो तिथला. मी तिला सांगितलं, कोणाचा कोट आलाय. तिची बोटं थांबली नाहीत.

"दोनदा चालवलंन तो?"

"तोच."

"मग?"

मी चुणीचं सांगितलं. तिनं एक किडकं पान बाजूला टाकलं. "सूड घ्यायचा तर घे. पण आपल्या हातचं काम नासवून घेऊ नये. लोक म्हणतील, त्याला कोट जमला नाही. त्याचा खांदा कोण बघतंय?"

"तू म्हणजे ना. मी म्हटलं, माफ कर म्हणशील. देव क्षमा करतो वगैरे."

"देवानं केली असेल. त्याचं कामच आहे ते. मी कुठं देव आहे?"

मला हसू आलं, कारण मला ते सात दिवस आठवले. मी सहा वर्षांचा असेन. सात दिवसांचं निरूपण होतं, सांगणाऱ्या बुवांचा आवाज असा की खांबांना घाम फुटावा. पहिल्याच दिवशी गाता गाता त्या बुवांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि त्यांनी बोट केलं. "बघा, मागल्या जन्मीचं या जन्मी फेडावं लागतं, ते असं." सगळी मंडळी वळून माझ्या पायाकडे बघायला लागली. आई उठली, मला उचललं, पद अर्ध्यावर असताना बाहेर पडली. तिनं आयुष्यात पद अर्ध्यावर सोडलं ते तेवढंच. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या रांगेत बसली, मला शेजारी बसवलं, माझी चड्डी गुडघ्याच्या वर दुमडली आणि पाय बुवांच्या समोर सरळ लांब ठेवला. "आखडू नकोस," म्हणाली. "दिसू दे." तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशीही. बुवा गात होते आणि त्यांची नजर उजवीकडे, छताकडे, समईकडे, कुठंकुठं जात होती. पाचव्या दिवशी ते एका ओळीवर दोनदा चुकले. सातव्या दिवशी निरूपण संपल्यावर खाली उतरून आईपुढं उभे राहिले, "माई, चुकलं माझं." आई म्हणाली, "आवाज छान आहे तुमचा." एवढंच. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. आईनं मला उलटं शिकवलं होतं, आणि मी मोठा होऊन पडद्यामागं पाय आखडून बसलो होतो.

पण तिचं ऐकलं नाही. कोट बेतला तो माझ्या मनासारखा, दोन्ही खांदे सारखे. खडूची रेघ ओढताना हात जराही हलला नाही. कच्चे टाके घालताना मात्र मी दुकानात नव्हतो. मी त्या चौदा पावलांवर होतो. सुई आत-बाहेर होत होती आणि मी म्हणत होतो, एक, दोन, तीन, लोखंड वाजत होतं, पेनाचं टोपण लागत होतं, मी प्रत्येक वेळी 'उपकार झाले' च्या जागी दुसरं काहीतरी म्हणून बघत होतो. शिव्या दिल्या. टेबल उलटलं. एकदा तर त्याचंच चित्र काढून त्याच्यापुढं टाकलं, डावा खांदा पाडून. भानावर आलो तेव्हा कोट पुतळ्यावर होता आणि इस्त्री तापली होती.

कच्चा कोट अंगावर घालून बघायला अध्यक्ष आले ते भर दुपारी. कोचावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी पडद्याच्या फटीला डोळा लावला. बावीस वर्षांनी त्याला बघत होतो आणि माझी नजर तोंडावर गेलीच नाही, धंद्याची सवय, खांद्यावर गेली. मोठ्या मास्तरांनी कोट चढवला, पाठीवरून हात फिरवला. अध्यक्ष आरशापुढं उभे राहिले. मी चुणीची वाट बघत होतो. जशी कुणी पावलांची बघतं तशी.

चुणी आली नाही. कोट असा बसला होता की मूर्तीवर वस्त्र बसावं. दोन्ही खांदे एका रेषेत.

मी माझ्या हाताकडे बघितलं. कधी घातला होता याने कापूस? मी तिथं चौदा पावलं मोजत असताना इथं याने गुपचूप डाव्या गादीत एकावर एक पदर ठेवले होते, सव्वा इंच भरेपर्यंत, जसे वीस वर्षं ठेवत आला होता. चिठ्ठीवर झोप दिसली की हाताला राहवत नाही. घरचा भेदी म्हणतात तो हा. मला त्या हाताची इतकी चीड आली की इस्त्रीवर ठेवावा वाटलं.

"बघा मास्तर," अध्यक्ष आरशात बघत म्हणाले, "या वयातही खांदे कसे आहेत. ताठ. चालण्या-वागण्यात ताठपणा पाहिजे माणसाच्या. हं." कोचावरची दोघं कौतुकानं हसली. मग शेठकडे वळून, "तुमचा तो मागचा आहे ना? बोलवा की. रंगीत तालीम होऊन जाऊ दे. त्या पडद्यापासून इथपर्यंत चालत या म्हणावं."

शेठनी पडदा सारला. पिवळे दिवे माझ्या अंगावर आले. नऊ पावलं होती. मी चाललो, आणि लोखंड वाजू दिलं. एरवी मी टाच आधी टेकवून आवाज दाबतो, तो दाबला नाही.

"वा," अध्यक्ष म्हणाले. "अगदी असंच. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. परत जाऊन एकदा..."

"आधी माप पुन्हा घ्यायला हवं, साहेब," मी म्हणालो. मोठ्या मास्तरांच्या गळ्यातली टेप काढली. त्यांनी मान जराशी वाकवून ती काढू दिली. "मास्तर, तुम्ही लिहा." ते पडद्यामागं गेले नाहीत, तिथंच चिठ्ठी घेऊन उभे राहिले. मी टेप लावली आणि मोठ्यानं सांगायला लागलो, नेहमीच्या भाषेत, म्हणजे आमच्या नव्हे, सगळ्यांच्या. "खांदा साडेसतरा. डावा खांदा पडलेला, सव्वा इंच. पाठीला बाक, उजवीकडे."

"काय म्हणालात?"

"माप सांगतोय." मी कात्रीच्या टोकानं डाव्या खांद्याचे कच्चे टाके उसवले, दोन बोटं आत घातली आणि कापूस बाहेर ओढला. चांगला मूठभर निघाला. कोट खाली बसला. तिन्ही पाखांत एकदम तीन अध्यक्षांचा डावा खांदा खाली आला आणि गळ्यापासून काखेपर्यंत ती चुणी उतरली, मी वाट बघत होतो तीच. सुंदर चुणी. कोचावरची दोघं बघत होती. शेठचा चेहरा इस्त्री न केलेल्या कापडासारखा झाला होता.

"हा... हा कोट चुकलाय," अध्यक्ष म्हणाले.

"कोट बरोबर आहे. चालून बघा म्हणजे कळेल. जरा दारापर्यंत चालून दाखवा बरं."

आणि तो चालला. दिवे, आरसा, बघणारे डोळे, कुणीतरी ठाम आवाजात सांगितलेलं, एवढं असलं की माणूस चालतो, हे मला माहीत होतं. दारापर्यंत गेला.

"आता परत या."

आला. त्याचा उजवा हात नकळत डाव्या खांद्यावर गेला होता, झाकायला.

"पुन्हा एकदा."

तो वळलाही. मग थांबला. माझ्याकडे पाहिलं, प्रथमच तोंडाकडे. "आपण... कुठं भेटलोय का?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. बावीस वर्षं मी ज्या खोलीत राहत होतो, तिथं तो एक दुपारसुद्धा थांबला नव्हता. त्या खोलीत मी एकटाच चालत होतो, दारापर्यंत, परत, पुन्हा. त्याचा तो पांढराफटक चेहरा आणि खांद्यावरचा हात बघून आत बसलेल्या पाहुण्याला फार बरं वाटत होतं, हे लपवून काय उपयोग. पण तो हात माझ्या ओळखीचा होता. एकोणीस वर्षांच्या एका मुलाचा हात असाच बाडावर आवळला होता. ते मला नको होतं, आणि दिसलं.

"लोक फार दुष्ट असतात, साहेब," मी म्हणालो. "स्टेजवर बघून नक्कल करतील. आम्हाला तुमचीच काळजी आहे."

त्याला आठवलं की नाही, देव जाणे. त्याचं ते 'हं' मात्र आलं नाही. मी तळहातावर कापूस धरला. "हा घालून देतो हवा तर. न घालताही कोट होतो. त्या खांद्यापुरता वेगळा बेतला तर तोही छान दिसतो. तुम्ही सांगाल तसं."

त्यानं कापसाला एक बोट लावून पाहिलं. मग खाली बघून, अगदी हळू म्हणाला, "घाला."

"घालतो. आणि सत्काराच्या दिवशी मी चालणार नाही. गुच्छ दुसऱ्या कुणाकडून घ्या."

कोट घेऊन मी पडद्याकडे निघालो, सवयीनं. दोन पावलं गेल्यावर फिरलो. कोचावर, त्या दोन गिऱ्हाइकांच्या शेजारी, आरशाच्या बरोबर समोर बसलो. त्यांनी सरकून जागा दिली. सुईत दोरा ओवला, कोट मांडीवर घेतला, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि लोखंडी पट्ट्यांसकट डावा पाय समोर वाटेत सरळ लांब केला. कापसाचे पदर मोजून आत सारले आणि टाके घालायला लागलो, बारीक, सारखे. हातचं काम नासवायचं नाही. आईचं कुठलं तरी पद तोंडात आलं होतं. मोठे मास्तर चिठ्ठी घेऊन उभेच होते. माझ्या गळ्यातली टेप कुणी परत मागितली नव्हती.

शेठ जवळ येऊन वाकले. "पाय जरा आत घे रे," ते दबक्या आवाजात म्हणाले. "जायला-यायला अडचण होते लोकांना."

"वळसा घालून जातील," मी म्हणालो, आणि दोरा दातांनी तोडला.